साहेब, आवडतुं नथी

माझ्या हातात हे जे आहे, कॅमेऱ्यात नीट दिसतंय का बघा, याला व्हर्निअर कॅलिपर म्हणतात. साधा, जुना, घड्याळ किंवा स्क्रीन नसलेला. मी सत्तावीस वर्षं आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा इन्स्ट्रक्टर होतो, वडोदऱ्यात, एका ट्रस्टच्या संस्थेत. महाराष्ट्रात आमच्या जातीला ‘शिल्प निदेशक’ असं भारदस्त नाव आहे. इकडे मुलं फक्त ‘साहेब’ म्हणतात.

मला विषय दिलाय शिक्षण, कौशल्य आणि नोकरी. आयोजक म्हणाले, आकडेवारी द्या, तरुणांना मार्गदर्शन करा. आकडे थोडे देईन. पण आधी एक फजिती सांगतो, आणि ती माझी स्वतःची आहे. बाकीचं सगळं मला त्या फजितीतून कळलं.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. वडील फाउंड्रीत होते. ते सगळं सुतात मोजायचे, आठ सूत म्हणजे एक इंच. मी आयटीआय केलं, पिंपरीला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आठ वर्षं काढली. तो विभाग बंद झाला. मेहुणे वडोदऱ्याला होते, त्यांनी कळवलं की इथे इन्स्ट्रक्टरची जागा आहे, या. १९९४ साली आलो. गुजराती येत नव्हतं. पण मराठी माणसाला वाटतं तसं मलाही वाटलं, की त्यात काय, ऐकून ऐकून येईल.

पहिल्याच टर्मला मायक्रोमीटर शिकवत होतो. फळ्यावर आकृती काढली, भागांची नावं लिहिली, स्लीव्ह, थिंबल, रॅचेट. मग प्रत्येकाच्या हातात एकेक पिन देऊन माप घ्यायला सांगितलं. मागच्या बाकावर एक मुलगा होता, पादरा तालुक्यातल्या कुठल्याशा गावचा. हात इतका चांगला की त्यानं फाइल मारलेला जॉब मी बाकीच्यांना दाखवायचो. तो मायक्रोमीटर नुसता हातात धरून बसला होता. मी विचारलं, काय रे? तो म्हणाला, “साहेब, आवडतुं नथी.”

आता तुमच्यापैकी गुजरातेत वाढलेले हसायला लागले असतील. ‘आवडतुं नथी’ म्हणजे ‘मला येत नाही’. मला ऐकू आलं ते मराठी. मला वाटलं, हा म्हणतोय की मला आवडत नाही. मी सगळ्या वर्गासमोर त्याला झापला. आवडत नसेल तर इथे आलास कशाला? बापाचे पैसे वाया घालवायला? अर्धं हिंदी, अर्धं मराठी. त्याला शब्द किती कळले माहीत नाही, सूर कळला. त्यानंतर दोन वर्षांत त्या मुलानं मला एकही प्रश्न विचारला नाही.

खरा अर्थ मला चारेक महिन्यांनी कळला, तोही घरी. शेजारच्या ताई माझ्या बायकोला म्हणाल्या, तुम्हाला ढोकळा बनवतां आवडे छे? बायको म्हणाली, हो, फार आवडतो. दोघी हसल्या आणि मग ताईंनी समजावून सांगितलं. मी जेवता जेवता थांबलो. पण दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बोलावून ‘माझी चूक झाली’ म्हटलं का? नाही. नवा इन्स्ट्रक्टर होतो, वाटलं वर्गात वजन जाईल. आणि आतापर्यंत शिकला असेल, असं स्वतःला सांगून टाकलं.

दोन वर्षांनी, १९९६ च्या उन्हाळ्यात, एक कंपनी मुलाखतींना आली. व्हॉल्व्ह बनवणारी, बऱ्यापैकी पगार देणारी. माझी नऊ मुलं बसली. परीक्षेत सगळ्यांचे मार्क चांगले होते. दोघांना तर ऐंशीच्या वर. मी नवा शर्ट घालून गेलो होतो.

मुलाखतीला आलेल्या इंजिनिअरांनी एकही कागद उघडला नाही. टेबलावर एक व्हर्निअर ठेवला आणि एक लेथवर काढलेली पिन ठेवली. प्रत्येकाला एवढंच म्हणाले, याचं माप सांग.

मंडळी, माप होतं १९.४६ मिलिमीटर. पहिला मुलगा म्हणाला, एकोणीस. दुसरा म्हणाला, एकोणीस पॉइंट तेवीस. तिसऱ्यानं माप सांगायच्या ऐवजी ‘लीस्ट काउंट’ची व्याख्या इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवली, जशी माझ्याकडून लिहून घेतली होती तशी, स्वल्पविरामासकट. इंजिनिअर म्हणाले, छान, आता माप सांग. तो गप्प. मागच्या बाकावरच्या त्या मुलानं व्हर्निअर हातात घेतला, पिनेवर अगदी हळुवार लावला, जसा लावायला हवा तसा, दाब न देता. आणि मग नुसता बघत राहिला. काहीच बोलला नाही.

नवातला एक निवडला गेला.

संध्याकाळी त्या साहेबांनी मला चहाला बसवलं. माणूस सभ्य होता, रागावला नाही. म्हणाला, तुमच्या मुलांचे हात चांगले आहेत, पण यांना नऊच्या नऊ मी घेतले तर मशीनवर उभे करू शकत नाही, माल उचलायला ठेवावे लागतील. मग मार्कलिस्ट दाखवून विचारलं, हे तुम्हीच दिलेत ना?

मी रात्रभर त्या ‘एकोणीस पॉइंट तेवीस’चा विचार करत होतो. कारण तो मुलगा तसा चुकला नव्हता. व्हर्निअरचं काम असं चालतं. मुख्य पट्टीवर एकेक मिलिमीटरच्या रेघा. सरकत्या पट्टीवर ४९ मिलिमीटरच्या जागेत ५० रेघा. म्हणजे सरकत्या पट्टीचा एक भाग ०.९८ मिलिमीटरचा. दोन्हींतला फरक ०.०२. सरकत्या पट्टीची जी रेघ वरच्या रेघेशी अगदी जुळेल तिचा नंबर घ्यायचा आणि ०.०२ नं गुणायचं. तेविसावी रेघ जुळत होती. तेवीस गुणिले ०.०२ म्हणजे ०.४६. त्या पोराचा डोळा बरोबर होता, त्याला रेघ अचूक सापडली होती. पुढचा गुणाकार त्याला करायचाच होता हे माहीत नव्हतं, किंवा करता येत नव्हता. ०.०२ मिलिमीटर म्हणजे साधारण केसाच्या जाडीचा तिसरा-चौथा हिस्सा. ते त्याच्या डोळ्याला दिसत होतं आणि कागदावर लिहिता येत नव्हतं.

मग मी पुढच्या बॅचला एक कागद दिला. त्यावर आयटीआयचं काहीच नव्हतं. मोठी संख्या कुठली, ३.५ की ३.४५? ०.५ आणि ०.०५ यांत फरक किती? २५ मधून ०.०२ वजा करा. दहावी पास मुलं होती सगळी. अर्ध्याहून जास्त जणांनी ३.४५ मोठी म्हणून लिहिलं. का? तर पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे.

आमच्या अभ्यासक्रमात ‘वर्कशॉप कॅल्क्युलेशन’ नावाचा विषय होता आणि त्याच्या सुरुवातीलाच दशांश होतं. मी ते पहिल्या आठवड्यात ‘हे तर शाळेत झालंय’ म्हणून उरकायचो. शाळेत ते पाचवी-सहावीत येतं. तिथल्या बाईंनाही बहुतेक वाटत असेल की पुढे हायस्कुलात पक्कं होईल. हायस्कूलवाल्यांना वाटतं मागे झालंय. अशी ती गोष्ट पुढे पुढे सरकत माझ्या टेबलावर आली, मी तिला आणखी पुढे सरकवली, आणि ती जाऊन पडली त्या व्हॉल्व्हच्या कंपनीच्या टेबलावर. तिच्यापुढे मात्र सरकवायला कोणी नव्हतं.

निवडला गेलेला तो एक कोण होता? अभ्यासात मधलाच. मी त्याला बोलावून विचारलं, तुला कसं आलं? तो आणंदकडचा होता. शाळेत असताना सकाळ-संध्याकाळ गावच्या दूध मंडळीत वहीत नोंदी करायला बसायचा. तुम्हाला माहीतच आहे, अमूलची सुरुवात १९४६ साली त्याच भागात झाली, तिथे गावोगाव मंडळ्या आहेत आणि दुधाचा भाव फॅटवर ठरतो. ५.९ लिहायचं की ६.० यावर एखाद्या काकीशी रोज भांडण. पाच पॉइंट नऊच्या पुढे पाच पॉइंट दहा येत नाही, सहा येतं, हे त्याला त्या काकींनी शिकवलं होतं. दशांशाला तिथे पैशाचा वास होता.

मी लगेच हुशारी केली आणि वर्गात रुपये-पैशांनी दशांश शिकवायला गेलो. फसलो. ३.५ म्हणजे तीन रुपये पाच पैसे, असं अर्धा वर्ग म्हणाला. त्यांचं बरोबर होतं, आपण बोलतो तसंच. शेवटी आलेखाचा कागद घेतला, मिलिमीटरच्या चौकटींचा. दहा चौकटींची एक पट्टी म्हणजे एक. एक चौकट म्हणजे ०.१. आता त्या एका चौकटीचे मनातल्या मनात पुन्हा दहा भाग कर. तीन पट्ट्या आणि साडेचार चौकटी कुठे संपतात, तीन पट्ट्या आणि पाच चौकटी कुठे, पेन्सिलीनं दाखव. पंधरा दिवस मी हेच केलं. प्रिन्सिपॉलसाहेब वर्कशॉपमध्ये आले तेव्हा सगळे फिटर खाली मान घालून पट्ट्या रंगवत होते. त्यांनी विचारलं, हा ट्रेड कुठला?

फायलिंगचे पंधरा दिवस गेले. पण त्यानंतर व्हर्निअर दोन दिवसांत झाला आणि मायक्रोमीटर तीन.

आता म्हणाल, ही एका वडोदऱ्याच्या आयटीआयची गोष्ट. तर एक आकडा. ‘असर’ नावाचा शिक्षणाचा अहवाल असतो, तुम्ही बातम्यांत ऐकला असेल. २०२३ साली त्यांनी १४ ते १८ वयाच्या मुलांना तपासलं, २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत, सुमारे ३५ हजार मुलं. त्यात एक प्रश्न पट्टीचा होता. वस्तू पट्टीच्या शून्यावर ठेवली तर सुमारे ८५ टक्के मुलांनी लांबी बरोबर सांगितली. तीच वस्तू शून्यापासून सरकवून ठेवली, तर ३९ टक्क्यांनी. हे वाचलं तेव्हा मी निवृत्त होऊन घरी बसलो होतो. बायकोला हाक मारून म्हटलं, हे बघ, माझा वर्ग पेपरात आलाय.

कारण आमच्या धंद्यात शून्य नेहमी सरकलेलंच असतं. मायक्रोमीटर पूर्ण बंद करा, शून्य शून्याशी जुळायला हवं. वापरून वापरून जुळत नाही. त्याला झीरो एरर म्हणतात. ती बघून मापातून वजा किंवा अधिक करावी लागते. ज्यानं ‘वस्तूच्या टोकाशी जो आकडा दिसतो ती लांबी’ असं पाठ केलंय, त्याला हे कधीच कळणार नाही. लांबी म्हणजे दोन टोकांतलं अंतर, हे ज्याच्या डोक्यात बसलंय त्याला सांगावंसुद्धा लागत नाही. आणि ती समज आयटीआयमध्ये येत नाही मंडळी, ती तिसरी-चौथीत येते किंवा राहून जाते.

म्हणून ‘शिक्षण वेगळं आणि कौशल्य वेगळं’ हे वाक्य ऐकलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. व्यासपीठावरून हमखास म्हणतात, पुस्तकी शिक्षण पुरे, मुलांना हुनर द्या. म्हणणाऱ्याची स्वतःची मुलं पुस्तकी शिक्षणच घेत असतात, तो भाग सोडा.

मी ज्या शहरात राहतो तिथे हे फार पूर्वी कुणाला तरी कळलं होतं. सयाजीराव महाराजांनी १८९० साली इथे कलाभवन काढलं. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम, विणकाम असे विषय, आणि गज्जरांचा आग्रह होता की हे मुलांना त्यांच्या भाषेतून शिकवा. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकून गेले, हे तुम्हाला माहीत असेल. पण त्याच महाराजांनी तीनच वर्षांनी, १८९३ मध्ये, अमरेली भागात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लावलं. या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या धड्यांत वाचतो. मला त्या एकाच हिशेबाच्या वाटतात. खाली चौथीची शाळा नसेल तर वर कलाभवन कशावर उभं करणार?

आता नोकरीकडे येतो, कारण बरेच पालक त्याचसाठी ऐकत असणार. आपल्याकडे एक चमत्कारिक आकडा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०२४ साली भारताच्या रोजगाराचा अहवाल काढला. त्यात २०२२ सालची परिस्थिती अशी, की ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांत बेरोजगारी ३.४ टक्के, आणि पदवीधर तरुणांत २९.१ टक्के. हा आकडा हातात धरून लोक म्हणतात, बघा, शिकून उपयोग नाही. अहो, न शिकलेला बेकार राहूच शकत नाही, संध्याकाळी चूल पेटवायची असते, तो मिळेल ते काम मिळेल त्या पैशात करतो. पदवीधर वाट बघत बसतो, कारण घरच्यांनी त्याला बसवून खायला घालायची थोडी तरी सोय केलेली असते आणि पदवीमुळे त्याच्या अपेक्षा वाढलेल्या असतात. म्हणजे दोघंही अडकलेत, वेगवेगळ्या जागी. पण एक खरं, की ‘डिग्री घे, नोकरी मिळेल’ हे जे आपण घराघरांत सांगत आलो ते आता तसं चालत नाही.

मग आयटीआय कर, असं सांगायचं का? मी सांगतो, पण जरा थांबून. देशात कारागीर प्रशिक्षणाची ही योजना १९५० पासून आहे. आज चौदा हजारांच्या वर आयटीआय आहेत, त्यातल्या बहुतेक खाजगी. काही उत्तम, काही ठिकाणी लेथ मशीनवर प्लास्टिकचं कव्हर घातलेलं असतं आणि ते तपासणीच्या दिवशीच निघतं. प्रवेशाला जाल तेव्हा ऑफिसमध्ये माहितीपत्रक घेऊन परत येऊ नका. वर्कशॉपमध्ये जा. व्हाइसच्या जबड्यात ताजा लोखंडाचा कीस आहे का बघा. तिथल्या मुलाला विचारा, मागच्या आठवड्यात काय बनवलंस, दाखव. त्यानं खिशातून किंवा ड्रॉवरमधून काहीतरी काढून दाखवलं तर ती संस्था चालू आहे.

२०१५ पासून तीन-तीन महिन्यांचे कौशल्याचे कोर्स गावोगाव निघाले. त्यांना सरसकट नावं ठेवणार नाही, आधी काम करत असलेल्या माणसाला प्रमाणपत्र मिळालं तर त्याचा फायदा होतो. पण ज्या मुलाचं शून्य सरकलेलं आहे त्याला तीन महिन्यांत तुम्ही फार तर टोपी आणि टी-शर्ट देऊ शकता.

त्यापेक्षा अप्रेंटिसशिपकडे बघा. मराठी घरांत या शब्दाला का कुणास ठाऊक कमीपणा आहे, ‘अजून अप्रेंटिसच आहे’ असं म्हणतात. १९६१ चा कायदा आहे. आता ज्या आस्थापनेत तीस किंवा जास्त माणसं आहेत तिनं आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यायचेच असतात. स्टायपेंड मिळतो, त्यातला काही वाटा सरकार उचलतं. काही कारखान्यांत अप्रेंटिसला झाडू मारायला लावतात, तेही मी पाहिलंय, आणि दोनदा जाऊन भांडलोयही. एकदा उपयोग झाला. पण चांगल्या ठिकाणी ते एक वर्ष माझ्या दोन वर्षांपेक्षा जास्त शिकवून जातं, कारण तिथे चुकीचा जॉब खरोखर भंगारात जातो.

आणि ज्यांना वाटतं आयटीआय केलं की पुढचा रस्ता बंद, तर तसं नाही. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. माझी बरीच मुलं गेली. त्यातली बरीच परतही आली, गणितात नापास होऊन. कारण मघाचंच.

भाषेबद्दल एक सांगायला हवं, कारण हा कार्यक्रम ऐकणारे तुम्ही इंदूरला, हैदराबादला, बेळगावला, सुरतेला आहात. आपली मुलं दोन-तीन भाषांमध्ये वाढतात. सुरतेला महानगरपालिकेच्या मराठी शाळा आहेत, तिथून आलेली एक मुलगी माझ्याकडे फिटरला होती. घरी अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, पुस्तकात इंग्रजी शब्द. वर्गात पहिल्यांदा मुलगी आली म्हणून मी जरा जपून बोलत होतो, पण तिला जपायची गरज नव्हती. तिची सवय अशी, की ड्रॉइंग हातात आलं की ती पुटपुटत वाचायची, स्वतःच्या भाषेत. “हे भोक इथून बारावर, ते तिथून चाळीसवर.” मी आधी गप्प करायचो. मग लक्षात आलं, वर्गात तिचा जॉब सगळ्यात कमी वेळा रिजेक्ट होतोय. नंतर मी सगळ्यांनाच सांगू लागलो, ड्रॉइंग आधी आपल्या भाषेत मोठ्यानं वाचा, मगच पंच उचला. वर्कशॉपमध्ये बाजार भरल्यासारखा गलका व्हायचा. व्याख्या पाठ करून घेणं त्या वर्षापासून बंद केलं.

तुमच्या मुलाचं शिक्षण कुठल्याही भाषेत होऊ द्या. पण ‘मला येत नाही’ हे त्याला कुठल्या तरी एका भाषेत न घाबरता म्हणता येतंय का, तेवढं बघा. मी हे सांगतोय ते कशामुळे, तुमच्या लक्षात आलं असेल.

तो मुलगा मला तीन वर्षांपूर्वी भेटला. मुलगा कसला, पंचेचाळिशीचा माणूस. आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप बिघडला, सेक्रेटरींनी कारागीर बोलावला, तो हा. मी ओळखलं नाही, त्यानं ओळखलं. पाया पडला. मला फार ओशाळल्यासारखं झालं. पादऱ्याच्या रस्त्यावर त्याचं पंप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, दोन पोरं हाताखाली. पंप उघडताना त्याचे हात पाहिले, तेच हात. बेअरिंग फिरवून, कानाशी धरून सांगितलं, हे गेलंय. शाफ्टवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, इथे झिजलाय. मी घरातून मायक्रोमीटर आणून बघितलं. जिथे म्हणाला तिथेच झिजला होता.

तेव्हा माझी गोष्ट एवढी सरळ नाही. शाळेतलं दशांश न येता त्या माणसानं पोट भरलं, घर बांधलं, दोघांना काम दिलं. अंगठ्यात जी विद्या आहे ती आहेच.

पण मी विचारलं, बुश कुठून करून आणतोस? म्हणाला, लेथवाल्याकडून. माप काय देतोस? तो हसला. “माप नथी आपतो साहेब, जुना पीस घेऊन जातो.” जुना तुकडा नमुना म्हणून लेथवाल्यापुढे ठेवायचा, तसाच काढ म्हणायचं. लेथवाला झिजलेल्या तुकड्यावरून काढणार, मग तो ढिला बसणार, पुन्हा फेरी. आणि तुकडा फुटून चुरा झालेला असेल तर? तर ते काम तो घेतच नाही, परत पाठवतो. मोठ्या कंपन्यांचं दुरुस्तीचं काम मिळू शकतं, पण ते ड्रॉइंग पाठवतात. ड्रॉइंग आलं की तो फोन उचलत नाही.

मग मी त्याला १९९४ सालची ती गोष्ट सांगितली. ‘आवडतुं नथी’ची. मला काय ऐकू आलं होतं ते. तो ऐकत राहिला, पाना हातात तसाच. मग म्हणाला, “साहेब, मला वाटलं होतं की आमच्यासारख्यांना हे विचारायचं नसतं.” एवढंच. रागावला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी मी त्याच्या दुकानात गेलो. हा व्हर्निअर घेऊन. त्यानं आपल्या पोरांसमोर शिकायला नको म्हणून दुकानाचं अर्धं शटर ओढलं. मला म्हणाला, साहेब, आता डिजिटल मिळतो, त्यात आकडा सरळ दिसतो, तो घेऊ का? म्हटलं घे, चांगला असतो. पण सांग, ड्रॉइंगमध्ये लिहिलंय २५.०० ते २४.९८. तुझ्या डिजिटलवर दिसलं २४.९७. माल पास की नापास? तो विचारात पडला. म्हटलं, हे कुठलंही यंत्र सांगत नाही.

आलेखाचा कागद नेला होताच. पट्ट्या रंगवल्या. तो माणूस काळ्या बोटांनी पेन्सिल धरून चौकटी मोजत होता, आणि बाहेर गिऱ्हाईक आलं की कागद उलटा करून ठेवत होता. चार रविवार गेले. पाचव्या रविवारी मी जाईपर्यंत त्यानं स्वतःच एक जुना बुश व्हर्निअरमध्ये धरून ठेवला होता. मी बाकावर बसलो. तो बराच वेळ रेघा बघत होता, ओठ हलत होते.

“एकतीस,” म्हणाला. मग थांबला. “अठ्ठेचाळिसावी रेघ.” पुन्हा थांबला. “एकतीस पॉइंट शहाण्णव.”

मी म्हटलं, बत्तीसला किती कमी?

“चार.”

चार काय?

त्यानं व्हर्निअर खाली ठेवला, कागद पुढे ओढला, आणि म्हणाला, “थांबा साहेब. सांगू नका.”